५७ सेकंदांची आघाडी कुठे गेली? १९८३ च्या अमेरिका कपमधला पाचवा टप्पा

२६ सप्टेंबर १९८३. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, न्यूपोर्टसमोरच्या समुद्रात अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या स्पर्धेची सातवी आणि शेवटची शर्यत चालू होती. सहापैकी चार टप्पे संपले तेव्हा डेनिस कॉनर यांची ‘लिबर्टी’ ५७ सेकंदांनी पुढे होती. पाचवा टप्पा संपला तेव्हा जॉन बर्ट्रांड यांची ‘ऑस्ट्रेलिया टू’ २१ सेकंदांनी पुढे होती. अंतिम रेषेवर हे अंतर ४१ सेकंद झालं आणि १३२ वर्षं अमेरिकनांच्या हातून न सुटलेला कप ऑस्ट्रेलियाला गेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘ऑस्ट्रेलिया टू’चे आराखडाकार बेन लेक्सन यांच्या पंखवाल्या कीलची म्हणून सांगितली जाते. बोटीच्या तळाशी असलेल्या त्या जड भागाला दोन्ही बाजूंनी पंख जोडले होते. किनाऱ्यावर असताना तो भाग कापडाच्या पडद्यांनी झाकून ठेवत, आणि तो नियमात बसतो की नाही यावर सगळा उन्हाळा वाद चालला. ते सगळं खरं आहे. पण ती कील पहिल्या चार टप्प्यांतही बोटीखालीच होती, आणि त्या चारही टप्प्यांच्या शेवटी लिबर्टीच पुढे होती. म्हणून मला पाचवा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. शर्यतीत आपण पुढे आहोत, मागची बोट या वाऱ्यात आपल्यापेक्षा थोडी वेगवान आहे, आणि वारा पाठीमागून येतोय: ही परिस्थिती डिंगीत, म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीत, शर्यत करणाऱ्यालाही वारंवार भेटते. तिथे काय करायचं याचं सोपं उत्तर नाही. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं.

आधी थोडी पार्श्वभूमी. दोन्ही बोटी ‘ट्वेल्व्ह मीटर’ वर्गाच्या. प्रत्यक्ष लांबी सुमारे १९ ते २० मीटर, वजन २० टनांहून जास्त, बोटीवर ११ जणांचा चमू. सात शर्यतींच्या या मालिकेत लिबर्टी ३-१ अशी पुढे होती. सुरुवातीला ऑस्ट्रेलिया टूच्या सामानाने दगा दिला, पाचव्या शर्यतीत लिबर्टीच्या डोलकाठीचा एक भाग तुटला, सहावी शर्यत ऑस्ट्रेलिया टूने मोठ्या फरकाने जिंकली आणि बरोबरी झाली. कपच्या इतिहासात मालिका सातव्या शर्यतीपर्यंत पहिल्यांदाच पोहोचली होती. सुकाणूवरचे दोघेही कसलेले. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये बर्ट्रांड यांनी फिन वर्गात आणि कॉनर यांनी टेम्पेस्ट वर्गात कांस्यपदक मिळवलं होतं. डावपेच सांगायला लिबर्टीवर टॉम व्हिडन होते, ऑस्ट्रेलिया टूवर ह्यू ट्रेहार्न. म्हणजे पुढे जे घडलं ते अननुभवी माणसांच्या हातून घडलेलं नाही, हे आधीच मनात पक्कं असू द्या.

मार्ग २४.३ सागरी मैलांचा होता. पहिला टप्पा वाऱ्याविरुद्ध, मग आडव्या वाऱ्याचे दोन छोटे टप्पे, पुन्हा वाऱ्याविरुद्ध, मग पाठवाऱ्याचा पाचवा टप्पा आणि शेवटी वाऱ्याविरुद्धचा सहावा. वाऱ्याविरुद्धचा आणि पाठवाऱ्याचा प्रत्येक टप्पा साडेचार मैलांचा, आडव्या वाऱ्याचा प्रत्येकी तीन मैलांहून थोडा जास्त. वारा हलका होता. तो हलकाच राहील या हिशेबाने लिबर्टीतलं वजनही आधी कमी केलेलं होतं.

आता बोयांवर, म्हणजे टप्प्यांच्या टोकाला वळण दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांवर, घेतलेल्या वेळा पाहा. पहिल्या बोयावर लिबर्टी २९ सेकंदांनी पुढे, दुसऱ्यावर ४५, तिसऱ्यावर २३, चौथ्यावर ५७. बहुतेक वर्णनांत यातला शेवटचा आकडाच सांगितला जातो, कारण तो मोठा आहे आणि पुढच्या पडझडीला उठाव देतो. मला मात्र तिसरा आकडा जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोयाच्या मधे, वारा आडवा असताना, ऑस्ट्रेलिया टूने एका छोट्या टप्प्यात २२ सेकंद परत मिळवले होते. त्यानंतर वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यात लिबर्टीने आघाडी पुन्हा वाढवली. तिथे पुढच्या बोटीला मागच्या बोटीवर दाब ठेवता येतो, वाऱ्याचे बदल आधी वापरता येतात. म्हणून ५७ हा आकडा दिसायला भक्कम असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: वाऱ्याविरुद्ध लिबर्टीने केलेलं उत्तम नियंत्रण, आणि शिडं सैल सोडल्यावर ऑस्ट्रेलिया टूला मिळणारा जादा वेग. पाचव्या टप्प्यात पहिली गोष्ट उपयोगाची नव्हती, दुसरी पूर्णपणे लागू होणार होती.

वाऱ्याविरुद्ध आणि पाठवाऱ्यात मूलभूत फरक काय, तो इथे स्पष्ट करायला हवा. वाऱ्याविरुद्ध जाताना पुढची बोट वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या दिशेला असते. नवीन झोत तिला आधी भेटतो. तिच्या शिडांवरून विस्कटलेला वारा मागच्या बोटीवर पडतो. थोडक्यात, सगळी हत्यारं पुढच्याकडे. पाठवाऱ्यात हे चित्र उलटं होतं. वारा मागून येतो, म्हणून नवीन झोत मागच्या बोटीला आधी मिळतो आणि ती तो अंगावर घेऊनच पुढे सरकते. शिडांची सावली, म्हणजे शिडांमुळे अडलेल्या वाऱ्याचा पट्टा, पुढच्या बोटीच्या दिशेने पडते. मागच्याला समोर सगळं दिसतं, पुढच्याला मान वळवून मागे पाहावं लागतं. शर्यतीत पुढे असणं म्हणजे सुरक्षित असणं, ही समजूत या एका टप्प्यात लागू होत नाही.

चौथा बोया वळल्यावर दोन्ही बोटींनी स्पिनाकर, म्हणजे पाठवाऱ्यात वापरायची मोठी फुगीर शिडं, चढवले. हलक्या वाऱ्यात अशी बोट सरळ वाऱ्याच्या दिशेने सोडली की मंदावते. म्हणून ती थोडा कोन धरून चालवतात आणि मधे मधे जाइब करून, म्हणजे मागचा वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेऊन, बोयाकडे सरकतात. कोन वाढवला तर वेग वाढतो पण रस्ता लांबतो, कोन कमी केला तर रस्ता सरळ होतो पण वेग पडतो. या दोघांतला मेळ ज्याला चांगला जमतो तो पाठवाऱ्यात जिंकतो. ऑस्ट्रेलिया टूला त्या दिवशी तो फार चांगला जमत होता: ती बोयाकडे जास्त सरळ रोख ठेवत होती आणि तरीही तिचा वेग कमी पडत नव्हता. लिबर्टीवरून ते दिसत होतं. मग दोन्ही बोटी वेगळ्या झाल्या. लिबर्टी जाइब करून दुसऱ्या बाजूला गेली, ऑस्ट्रेलिया टू आपल्या बाजूला राहिली आणि तिला तिथे वारा चांगला लागला. बोटी पुन्हा जवळ आल्या तेव्हा आघाडी बदललेली होती.

या निर्णयावर चार दशकं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, पुढे असलेल्याने मागच्याला एकट्याने दुसऱ्या बाजूला जाऊ देणं हाच अपराध. प्रतिस्पर्धी आणि पुढचा बोया यांच्या मधे राहा, हे शर्यतीचं पहिलं सूत्र, आणि ते मोडलं. दुसरी बाजू, जी लिबर्टीच्या चमूच्या बाजूने मांडली जाते, म्हणते की सोबत राहिलो असतो तरी मागे पडलोच असतो. समोरची बोट जास्त सरळ आणि तितक्याच वेगाने जात असेल तर तिच्याजवळ राहून फक्त पराभव हळूहळू होताना दिसतो. वेगळी बाजू धरली तर निदान चांगला वारा मिळण्याची शक्यता राहते.

दुसरा युक्तिवाद मी हलका मानत नाही. मागची बोट वाऱ्याच्या वरच्या बाजूने ओलांडू लागली असती तर लिबर्टीला लफ करता आलं असतं, म्हणजे बोट वाऱ्याकडे वळवून तिला अडवता आलं असतं. खालच्या बाजूची बोट वरच्या बोटीला असं वळवू शकते, नियम तिच्या बाजूने असतो. पण जी बोट जास्त सरळ रोखाने, खालून निघते आहे तिला लफने थांबवता येत नाही. तिथे वरच्या बोटीलाच दूर राहावं लागतं. उरतं एकच हत्यार, शिडांची सावली, आणि बाजूचं अंतर वाढलं की तीही पोहोचत नाही. कॉनर यांच्याकडे त्या क्षणी खरोखरच कमी पर्याय होते.

तरीही आकडेमोड केली की मी पहिल्या बाजूकडे झुकतो. हिशेब मांडून दाखवतो, कारण कुठल्याही शर्यतीत तो असाच मांडता येतो.

पाठवाऱ्यात बोट ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) धावत होती असं धरू. म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. ५७ सेकंदांची आघाडी म्हणजे सुमारे १७५ मीटर, बोटीच्या आठ-नऊ लांबी. या वेगाने साडेचार मैलांना पाऊण तास लागतो, कोन धरून गेल्यामुळे थोडा जास्त. या टप्प्यात एकूण उलथापालथ ५७ अधिक २१, म्हणजे ७८ सेकंद. पाऊण तासातले ७८ सेकंद म्हणजे तीन टक्क्यांहून थोडे कमीच! इतिहास बदलणारा टप्पा म्हणून आपण ज्याकडे पाहतो त्यात दोन बोटींमधला फरक एवढाच होता. तीन टक्के फरक पडायला वादळ लागत नाही. एका बाजूला अर्धा नॉट जास्त वारा बराच वेळ टिकला तरी पुरतो.

आता तिसऱ्या टप्प्यातले ते २२ सेकंद घ्या. त्याच दराने ऑस्ट्रेलिया टू साडेचार मैलांत पुढे सरकली असती तर तिला साधारण ३१ सेकंद मिळाले असते. आडवा वारा आणि पाठवारा यांत बोटींचं वागणं वेगळं असतं, म्हणून हा आकडा ताणून धरू नये. पण हातात असलेली माहिती तेवढीच होती, आणि ती सांगत होती की सोबत राहून आघाडी घटेल, बहुधा संपणार नाही. ३१ गेले तरी २६ उरतात.

दुसरीकडे, वेगळं होण्याची किंमत काय? दोन बोटींमधलं बाजूचं अंतर १,००० मीटर झालं आणि वारा १० अंशांनी एका बाजूच्या फायद्याचा वळला, तर वाऱ्याच्या दिशेने मोजलेला फरक सुमारे १७४ मीटर पडतो. म्हणजे अख्खी आघाडी, एका फटक्यात. बाजूचं अंतर ५०० मीटर असतं तर तोच बदल ८७ मीटरना पडला असता, निम्म्याला. २०० मीटर असतं तर ३५ मीटरना. समुद्रावर १० अंशांचा बदल ही रोजची गोष्ट आहे. म्हणून पुढे असलेल्याने आघाडी सेकंदांत मोजून भागत नाही. ती बाजूच्या अंतराशी ताडून पाहावी लागते. १७५ मीटरची आघाडी २०० मीटर बाजूच्या अंतराला भक्कम आहे, १,००० मीटरला ती नाणेफेक आहे.

म्हणून माझं मत असं: लिबर्टीची अडचण खरी होती, पण तिच्याकडे खर्च करायला ५७ सेकंद होते, आणि ते हळूहळू खर्च करण्याचा मार्ग मोकळा होता. त्याच बाजूला, किंचित वरच्या कोनात, स्वच्छ वारा राखून जायचं. मागची बोट जाइब करेल तेव्हा आपणही करायचं. आघाडी बोयापर्यंत पुरवायची. आणि वेगळं व्हायचंच असेल तर थोडं, तपासण्यापुरतं, दोन-तीन मिनिटांत परत येऊन पाहायचं की आपण कमावलं की गमावलं. त्या दिवशी ऑस्ट्रेलिया टूला मिळालेला वारा लिबर्टीच्या बाजूलाही मिळू शकला असता, आणि मग आज कॉनर यांच्या धाडसाची तारीफ झाली असती. पण निर्णय चांगला की वाईट हे शेवटच्या निकालावरून ठरवलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही. पुढे असलेल्याने शक्यतांचा पसारा कमी करायचा, मागे असलेल्याने वाढवायचा. या मोजपट्टीवर तो जाइब मला पटत नाही.

इथे एक गोष्ट जोडायला हवी. हे सूत्र दोन बोटींच्या शर्यतीला सरळ लागू पडतं. चाळीस-पन्नास बोटींच्या फ्लीटमध्ये एकीवर डोळा ठेवाल तर बाकीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातील. तिथे शर्यतीच्या पहिल्या निम्म्या भागात बोटींच्या मोठ्या घोळक्याच्या आणि बोयाच्या मधे राहणं पुरतं, आणि एका विशिष्ट बोटीला धरायची वेळ मालिकेच्या शेवटी, गुणांचा हिशेब मागेल तेव्हाच येते. सिडनी ऑलिंपिकमध्ये २००० साली लेझर या एकट्याने चालवायच्या बोटीच्या वर्गातल्या शेवटच्या शर्यतीत बेन एन्स्ली यांनी रॉबर्ट शाइट यांना मुद्दाम फ्लीटच्या मागच्या भागात अडकवून ठेवलं आणि सुवर्ण घेतलं, शाइट यांना रौप्यावर समाधान मानावं लागलं. त्या दिवशी बाकीच्या बोटींचा क्रम एन्स्ली यांच्या लेखी शून्य होता, कारण गुणांचं गणित तसं होतं. ते गणित पाण्यावर उतरण्याआधी मांडलेलं होतं, हे महत्त्वाचं.

यातून स्वतःच्या बोटीवर काय बदलायचं? सर्वांत आधी, वरचा बोया येण्याआधीची शेवटची दोन मिनिटं. बहुतेक चमू या वेळी स्पिनाकरच्या दोऱ्या, बोयाजवळची गर्दी आणि लेलाइन (जिच्यावरून पुन्हा न वळता बोया गाठता येतो ती रेषा) यांत इतके गुंतलेले असतात की पुढच्या टप्प्याचा विचार बोया वळल्यावर सुरू होतो. तेव्हा उशीर झालेला असतो. वळण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने बोलल्या गेल्या पाहिजेत: मागची बोट नेमकी किती अंतरावर आहे, शिडं सोडल्यावर ती आपल्यापेक्षा वेगवान आहे की नाही, आणि पाण्यावर जास्त वारा कुठल्या बाजूला दिसतोय. पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर आधीच्या टप्प्यांच्या वेळांत असतं. घड्याळात ते नोंदवायची सवय लावा. छोट्या बोटीतही बोया वळताना बटण दाबायला सेकंदही लागत नाही, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या त्या २२ सेकंदांसारखी सूचना हाती लागते.

दुसरं, मागे पाहणं हे कुणाचं तरी काम असलं पाहिजे. ‘सगळेच बघतोय’ म्हणजे कुणीच बघत नाही. दोन जणांच्या डिंगीत हे काम सुकाणूवरच्याचं असतं, कारण पुढचा माणूस स्पिनाकरच्या कडेवरून नजर हलवू शकत नाही. एकट्याच्या बोटीत ठरावीक अंतराने मान वळवायची. बघायचं काय? पाण्याचा रंग: गडद, खडबडीत पट्टा म्हणजे येणारा झोत. मागच्या बोटींच्या शिडांचा फुगवटा. आणि डोलकाठीवरचा वारादर्शक बाण. पाठवाऱ्यात हा बाण आपल्या मागच्या प्रतिस्पर्ध्याकडे रोखलेला दिसला तर त्याच्या शिडांची सावली आपल्यावर पडते आहे, किंवा तो जवळ येताच पडेल. काही अंश कोन बदलून बाहेर पडायचं. हे ज्याला अंगवळणी पडतं त्याच्या पाठवाऱ्यातल्या आघाड्या टिकू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नवीन शीड घेऊन जितका फायदा होतो त्याहून हा फायदा लवकर मिळतो.

तिसरं, सराव. याच परिस्थितीचा सराव दोन बोटींत करता येतो आणि तो फार कमी जण करतात. वरच्या बोयावरून एक बोट सोडायची, सहा-सात लांबी मागे दुसरी. पुढच्या बोटीचं एकच उद्दिष्ट: खालच्या बोयावर पहिली पोहोचणं. मागच्याचं उद्दिष्ट: तिला वेगळं व्हायला भाग पाडणं. मागच्याने लवकर जाइब करून पाहायचं, सावली टाकून पाहायचं, नुसती जाइबची तयारी दाखवून पुढच्याला फसवायचं. मग भूमिका बदलायच्या. प्रत्येक फेरीनंतर दोघांनी सांगायचं की सर्वाधिक बाजूचं अंतर किती झालं होतं आणि त्या क्षणी आघाडी किती होती. सुरुवातीला दोघांचे अंदाज एकमेकांपासून फार लांब असतात. हा अंदाज जुळवणं हाच या सरावाचा गाभा आहे. वेगाच्या फरकाचा प्रश्न सरावात आणायचा असेल तर मागच्या बोटीला मोठा स्पिनाकर द्या किंवा पुढच्या बोटीत पाण्याचे दोन कॅन ठेवा. हळू बोटीने आघाडी कशी पुरवून वापरायची हे तेव्हाच कळतं.

आता सहाव्या टप्प्याकडे येऊ, कारण पाचव्याचा अर्थ तिथे पूर्ण होतो. शेवटचा बोया वळल्यावर ऑस्ट्रेलिया टू २१ सेकंदांनी पुढे, समोर वाऱ्याविरुद्धचे साडेचार मैल. हत्यारं पुन्हा पुढच्याकडे आली होती, फक्त पुढचा आता दुसरा होता. बर्ट्रांड यांनी पुस्तकी काम केलं: लिबर्टी जिकडे जाईल तिकडे जायचं. कॉनर यांनी ती साखळी तोडण्यासाठी टॅकचा मारा सुरू केला. टॅक म्हणजे बोटीचं पुढचं टोक वाऱ्याच्या तोंडावरून फिरवून दुसऱ्या बाजूला वळणं. या एका टप्प्यात ४७ टॅक झाले. तासाभराचा टप्पा धरला तर सरासरी सव्वा ते दीड मिनिटाला एक. वीस टनांहून जड बोट प्रत्येक टॅकला मंदावते आणि वेग परत मिळवेपर्यंत पुढच्या टॅकची हाक येते. विंचवर, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्रावर, दात-ओठ खाऊन दोर ओढणाऱ्या माणसांसाठी तो तास काय असेल याची कल्पना ज्याने सलग दहा टॅक मारले आहेत त्यालाच येईल.

कॉनर यांचा विचार इथे अगदी बरोबर होता. मागे असलेल्याने प्रसंगांची संख्या वाढवावी. प्रत्येक टॅक ही समोरच्याच्या चुकीची एक संधी. दोरी अडकू शकते, कुणाचा पाय घसरू शकतो, सुकाणू जरा जास्त फिरू शकतं. शिवाय टॅक घेण्याचा आव आणून मधेच परत फिरण्याची चालही असते: समोरचा टॅक पूर्ण करून बसतो आणि बोटी वेगळ्या होतात. पण इथे ऑस्ट्रेलिया टूची बांधणी कामी आली. ती चटकन वळत होती आणि वळल्यावर चटकन वेग पकडत होती. अंतर कमी होण्याऐवजी २१ चं ४१ झालं. प्रत्येक टॅकमागे अर्ध्या सेकंदाहूनही कमी, पण ४७ वेळा!

बर्ट्रांड यांच्या संयमाचंही मोल कळायला हवं. पुढे असलेल्याला त्या टप्प्यात दोन मोह होतात. एक, ‘आपण वेगवान आहोत, याला सोडून सरळ अंतिम रेषेकडे निघू’. दुसरा, ‘हा मूर्खासारखा टॅक मारतोय, एखादा सोडून देऊ’. दोन्ही मोहांचा शेवट एकच: बाजूचं अंतर वाढतं आणि त्याबरोबर वाऱ्याच्या एका बदलाची किंमत वाढते. लिबर्टीने दोन्ही बोटींना मार्गाच्या कडेला, प्रेक्षकांच्या बोटींच्या दिशेने ओढत नेलं, तरी ऑस्ट्रेलिया टू सोबत गेली. अंतिम रेषा वेगळ्या दिशेला असताना प्रतिस्पर्ध्याच्या मागे लांब जाणं चमूला आतून खात असतं. ते सहन करणं हेही कौशल्यच, आणि ते आधी ठरवलेलं असेल तरच जमतं.

कॉनर यांनी पुढच्या वेळी काय केलं, हा या प्रकरणाचाच भाग आहे. पुढची मालिका ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला, जोरदार समुद्री वाऱ्यात होणार होती. त्यांचा चमू हवाईच्या तशाच वाऱ्यात दीर्घकाळ सराव करत राहिला, आणि बोट त्या वाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून बांधली. फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ने ‘कूकाबरा थ्री’ला ४-० ने हरवून कप परत नेला. वेग हाती असेल तर कठीण निर्णयांची वेळच कमी येते. छोट्या बोटीत हा वेग शिडांच्या जुळवणीतून, शरीराच्या वजनाच्या योग्य जागेतून आणि सुकाणू कमी हलवण्यातून येतो. डावपेचांचा सराव करणाऱ्यांनी निम्मा वेळ तरी तिकडे द्यावा.

टॅकच्या लढाईचा सराव अगदी साध्या साधनांवर होतो. खाली एक बोया, वर एक बोया, अंतर दहा मिनिटांचं. मागच्या बोटीला हवे तेव्हा टॅक घेण्याची मुभा, पुढच्या बोटीने प्रत्येक वेळी तिच्यावर यायचं. टॅकची वेळही शिकण्यासारखी असते: समोरच्याच्या सुकाणूकडे पाहून वळलात तर आव आणणाऱ्या चालीत फसता. त्याच्या पुढच्या शिडाची दोरी सुटली आणि शीड दुसऱ्या बाजूला गेलं की मग वळायचं. थोडा उशीर होतो, पण फसत नाही. आणि आपण वळल्यावर त्याच्या अगदी डोक्यावर जाऊन बसायचं की थोडं सैल राहायचं हेही ठरवायचं. अगदी डोक्यावर बसलात तर विस्कटलेल्या वाऱ्यामुळे तो लगेच पुन्हा वळेल आणि लढाई लांबेल. थोडा स्वच्छ वारा सोडलात तर तो त्याच बाजूला काही वेळ राहील, आणि तुम्हाला ज्या बाजूला जायचं आहे त्या बाजूला त्याला नेता येईल. दमलेल्या चमूसाठी दुसरा मार्ग बरा. दहा-बारा टॅकनंतर हात जड होतात, हाका तुटक होतात आणि वेग परत येण्याआधीच पुढचा टॅक घेतला जातो. सरावात नेमका तिथूनच पुढचा भाग पुन्हा पुन्हा करावा: हात जड झाल्यावरचे पुढचे पाच टॅक, प्रत्येक टॅकनंतर बोट पूर्ण वेगाला आली हे पुढच्या माणसाने मोठ्याने सांगेपर्यंत थांबून.